लाल-निळ्या उजेडात सांबार

हिंगणा रोडवर कूलर-दुरुस्तीच्या दुकानामागची खोली.
बाहेर शेहेचाळीस पूर्णांक दोन.
आत तीन मांडण्या, माती नाही,
पाइपांना भोकं, भोकांत कप, कपांत पालक, चुका आणि सांबार.
पेंचचं पाणी, त्यात मोजून विरघळवलेले क्षार.
दुपारी दर तासाला मी टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडतो.
बर्फ सरबतवाल्याकडून, उधारीवर.

प्रांजलीच्या वहीत असं आहे:
एक मांडणी पांढऱ्या दिव्याखाली,
एक लाल-निळ्या,
एक खिडकीशी, मधे हिरवं नेट.
प्रत्येकीच्या अर्ध्या पाइपांत गांडूळपाणी,
अर्ध्यांत नुसते क्षार.

मला वही नाही.
मी धुतो, भरतो, दिवे लावतो, विझवतो.
एकोणीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच केलं,
तिथं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच.

गांडूळपाणी वाडीच्या शेवंताबाई ढोबळेंकडून,
तेलाच्या कॅनमध्ये, चहाच्या रंगाचं.
त्यांनी एकदाच विचारलं,
"पान्यातच लावता भाजी? मंग मुया कायले धरतेत?"
मी हसलो. स्कूटरला किक मारली.
खापरीच्या पुलापर्यंत तोच प्रश्न मागच्या सीटवर बसून होता.

लाल-निळ्या उजेडात हिरवं काळं दिसतं.
पालक काळा, चुका काळा, सांबार काळा.
चांगलं पान काळं, सडकं पान काळं.
म्हणून रोज एकेक कप उचलून
मी दारापर्यंत नेतो.
ऊन दारात उभंच असतं, वसुलीला आल्यासारखं.
त्याला पान दाखवतो, दोन सेकंद,
आणि आत ओरडून सांगतो: हिरवं आहे!
प्रांजली लिहून घेते.

नवव्या दिवशी कुलूप काढताच वास आला.
मीटर म्हणत होतं सगळं ठीक.
गांडूळपाण्याच्या टाकीत मुळ्यांवर शेंबडासारखा थर.
त्या पाण्यात जीव असतो ना, त्यालाही श्वास लागतो,
मुळ्यांच्या वाट्याचा तोच पिऊन टाकत होता.
मग माशांच्या दुकानातून हवेचे दगड आणले,
बारीक नळ्या सोडल्या,
रात्रभर खोली गुडगुडत राहिली, हुक्क्यासारखी.

मधे एकदा लाइट गेली.
अंधारात प्रांजली म्हणाली,
काका, हे दिवे कोराडीच्या कोळशावर चालतात,
आणि कोळसा म्हणजे कधीकाळची झाडंच.
मी म्हटलं, असेल.
मला बर्फाची काळजी होती.

पस्तिसाव्या दिवशी तोडणी.
वजनात लाल-निळा पहिला, तोही नुसत्या क्षारांचा.
खिडकीवाला शेवटून पहिला, काडीला काडी लागेना.
पण चिमटीत चुरडलं तेव्हा
खिडकीच्या गांडूळपाण्यातल्या सांबाराचा वास
असा आला की
शेजारचा कूलरवाला हातातला पाना ठेवून आला,
म्हणाला, कोणाकडे वड्या तळणं चालू आहे का?

लांजेवार सरांनी चष्मा वर केला.
"वास कोणत्या एककात लिहिणार?"
कोणी काही बोललं नाही.
संध्याकाळी वही उघडीच राहिली होती, मी पाहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात:
'वास सर्वांत चांगला. (रामटेके)'

दुसऱ्या दिवशी पाइप धुवायला घेतले.
एक कप निघेना. ओढला, निघेना.
आत बोट घालून पाहिलं.
मुळ्यांनी हवेच्या नळीला विळखा घातला होता,
पांढरा, घट्ट,
बाजारात लेकरू आईचं बोट धरतं तसा.
ब्लेडनं कापावा लागला.

शेवंताबाईंचा रिकामा कॅन परत द्यायचाच आहे.
तेव्हा सांगेन.