कोंबडीले चष्मा

पहाटं साडेचारले मी गावाचं पानी सोडतो.
सहा वॉल्व्ह. सहा खड्डे. खांद्यावर लोखंडी पाना,
हातात बॅटरी,
अन् डोक्यात काहीच रायत नाही.

रायत नाही म्हनून आचलनं मले युक्ती शिकवली.
नववीत हाय पोट्टी, स्कॉलरशिपच्या पुस्तकात वाचलं तिनं:
"बाबा, जे कराचं ते एकेका वॉल्व्हवर ठेवाचं.
अन् चित्र असं ठेवाचं का हासू आलं पाह्यजे.
शहानं चित्र टिकत नाही."

मंग मी ठेवलं.

टाकीखालचा पयला.
शुगरची गोयी, टाकीच्या झाकनाएवढी,
घरंगयत येते माह्यावर, मी पयतो.
चहाच्या आंधी आठवते. बराबर.

कोंडवाड्यापाशी दुसरा.
आत बांधेल गोऱ्हा पन्नीवर खर्रा घोटून रायला,
खुरानं,
अन् मले म्हनते, घे नं बावा, चिमूटभर.
पुरा सुटला नाही खर्रा. पाचाचा दोनावर आला.
हेही त्या गोऱ्ह्यानंच केलं.

शायेमांगं तिसरा. रोज चार ओयी लिहाच्या वहीत.
तिथं पाइपातून अक्षरं येतात,
पयले गढूय, मंग निवयतात.
'ज्ञ' कधीच येत नाही.
अडकला असन कुठंतरी वाकात.

चौथ्यावर चित्र झालं नाही.

चौथा माह्या भावाच्या दारात हाय. लहानूच्या.
एका फवारनीच्या पंपावरून सात वर्सं झाली,
अन् पंप तवाच भंगारात गेला.
काम एवढंच ठेवलं होतं: एक शब्द बोलाचा.
आचल म्हने, काकाले शेपूट लाव.
लावलं. रायलंच नाही शेपूट.
झाकन उचललं का आत लहानूच बसेल दिसे,
आठ वर्साचा, गुडघे पोटाशी घेऊन,
कनगीत लपे तसा,
अन् ओठावर बोट ठेवून म्हने, चूप.
मंग मी चूप.
साडेअकरा आटे फिरवो अन् निंगून जाओ.

पाचव्यावर कोंबडी हाय. चष्मा लावेल कोंबडी.
चित्र पक्कं हाय, पीस अन् पीस दिसते,
चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधेल.
काम कोनतं होतं ते गेलं.
बेबीले इचारलं, ते म्हने डोये दाखवाचे असन तुमचे.
दाखवले. डोये चांगले हायेत.
अंडेवाल्याले इचारलं, तो म्हने उधारी असन.
दिली. तरी कोंबडी गेली नाही.

सहावा सोपा. सहाव्यावर काहीच ठेवलं नाही.
एखांदा खड्डा रिकामा असावा मानसाले.

मांगच्या बुधवारी चौथा वॉल्व्ह
आठव्या आट्यावर अडला.
जोर लावला त चप्पल घसरली, पाना दगडावर वाजला,
सारी गल्ली भुकाले लागली कुत्र्यांची.
लाइट लागला.
लहानू आला बनियनवर, हातात तेलाची बुधली.
काठावर बसला. तेल सोडलं. थांबला.
"उलटा फिरवून रायला तू."
"हो."

नव. दहा. अकरा. अन् अर्धा.
पायाखालून पानी गेल्याचा आवाज आला.
त्यानं बुधली बनियनले पुसली, दार लावलं.
बस.

घरी सांगतलं त आचलनं वही काढली.
"पन बाबा, बोलला त काका.
तुम्ही फक्त हो म्हनले."
"हो हा शब्द नाही होय का?"
तिनं इचार केला.
अर्धी टिक मारली.

आता वॉल्व्ह गुयगुयीत फिरते, अडत नाही.
आठव्या आट्यापाशी माह्याच हात जरासा थांबते.
झाकनाखाली पोट्टं हाय तसंच बसेल,
बोट मात्र ओठावरून थोडं खाली आलं.

अन् पाचव्यावर
कोंबडी मान वाकडी करून
दोरा बांधेल चष्म्यातून मले पाह्यते.
मी पानी सोडतो.
ते जागची हालत नाही.