आठ विती, चार बोटं

तिसरं कॉलेज. दोन दिवसांत चारशे मैल,
गाडीत सफरचंदाच्या सालींचा वास.
माहिती देणारी मुलगी आमच्याकडे तोंड करून
उलटी चालते, बोलत बोलत.
ग्रंथालय, प्रयोगशाळा, बर्फातही उघडी राहणारी खानावळ.
पायऱ्या आल्या तरी अडखळत नाही.
एकवीस वर्षं मी शाळेची बस चालवतोय,
मागं घेताना भोंगा वाजतो तिचा.
इथं कसलाच आवाज नाही.

सायलस दहा पावलं पुढं,
जणू मी दुसऱ्याच कुणाचा तरी बाप.
कपडे धुवायचं मशीन कुठं असतं, मी विचारलं.
तो बुटांकडे बघत राहिला.

मग नमुन्याची खोली.
सगळे खिडकीतून नदी बघत होते,
मी पलंग मोजला:
आठ विती, चार बोटं.
याचे पाय बाहेर येणार.
हे कुणाला सांगायचं असतं?

कार्यालयात एक फॉर्म.
वडिलांचं शिक्षण, पुढं एक रेघ.
ती त्यानंच भरली,
डावा हात आडवा धरून.

परतीला अंधार लवकर पडला.
बटाटे काढून झालेली रानं, मैलोन्‌मैल, उघडी.
पेट्रोल भरताना,
पंपाच्या आकड्यांकडे बघत, सहज म्हणाला,
‘बाबा, मेनच्या या टोकाला
आपल्या गावाहून बस येते का?’

येते. मंगळवारी आणि शुक्रवारी.
बँगोरला बदलावी लागते,
चाळीस मिनिटं थांबायचं, आत हीटर आहे.

मला कसं माहीत,
ते त्यानं विचारलं नाही.