आठ मिलिमीटर

अंबडला, रात्रपाळीत, गांगुर्डेंनी
सहाचा आठ वाचला.
शाफ्ट भंगारात गेला.
चूक त्यांची नव्हती. माझ्या ड्रॉइंगवर
एकाच खाचेपाशी सात मापं
एकमेकांच्या अंगावर उभी,
बाणात बाण घुसलेले.

आता लहान माप आत, मोठं बाहेर,
दोन रेघांत आठ मिलिमीटर.
आकडे एकाखाली एक नकोत,
जरासे इकडेतिकडे सरकवायचे.
व्यास तर उचलून
दुसऱ्या व्ह्यूत नेला. तिथं मोकळं होतं,
मलाच दिसलं नव्हतं.

आज सकाळी पाथर्डी फाट्यावर
गांगुर्डे बसची वाट बघत होते.
खिशातून प्रिंट काढली,
तेलाचा अंगठा नेमका
कोऱ्या जागेवर उमटलेला.
"वाचता आलं," म्हणाले,
आणि बाकावर थोडे सरकले.