दोन मजल्यांच्या मध्ये

माझगावात, म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये,
जिथे पाढ्यांचा तक्ता अजून भिंतीवर आहे
आणि सतराच्या पाढ्याचा खालचा कोपरा उंदरांनी खाल्लाय,
मंगळवारी संध्याकाळी आम्ही नऊ जण आडवे होतो.

डाबरेबाई शिकवतात. आधी त्या सिस्टर होत्या,
बरीचशी नोकरी रात्रपाळीत. आवाज अजून वॉर्डातला:
झोपलेला उठू नये, जागा असेल त्याला धीर यावा, इतकाच.
"खवणेकर, कंबर उचललीत ना? आता एकेक मणका खाली ठेवा.
भरली बरणी फळीवर ठेवतो तसा."

मी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली,
नरिमन पॉइंटला, चोवीस मजले, एक स्टूल.
माणसं मला आकडे सांगायची.
नाव एकानेच विचारलं, तोही तिसऱ्या दिवशी विसरला.
समुद्र दिसायचा दरवाजा उघडेपर्यंत नाही,
उघडला की पॅसेजच्या टोकाला, रुमालाएवढा,
लगेच बंद.

बाई म्हणतात, सुटे मणकेही चोवीसच.
मला हसू आलं, पोट हललं, कंबर आपटली.
पुन्हा.

मानेचे सात आधीच टेकलेले. उरले सतरा.
सतरावा: वकिलांचं ऑफिस, कायम घाई.
चौदावा: अत्तराचा वास, कुणाचा ते कळलंच नाही.
नववा सापडत नाही, आठव्याला चिकटून येतो.
दुसऱ्यावर कळ. ती स्टुलाची.
तिथे बाई गप्प उभ्या राहतात,
आणि कळही, कुणी बघतंय म्हटल्यावर, जरा सावरून बसते.

मग श्वास सोडायचा. सोडून थांबायचं.
"पुढच्याला हाक मारू नका. येतो तो."

एकदा वीज गेली होती, अकरा आणि बाराच्या मध्ये.
आत मी आणि फायली घेतलेली एक मुलगी.
चाळीस मिनिटं मी घंटा दाबत होतो, अंगठा सुजेपर्यंत.
ती रडत होती. मी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही.
आता त्याच जागी येऊन थांबतो, दर मंगळवारी.
वर कुणी नाही, खाली कुणी नाही,
घंटेवरचा अंगठा उचललेला.
ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल.

फायदा काय, जावई विचारतो.
बुटाची नाडी बसून बांधतो, धाप न लागता.
पहाटे तीनला जाग येते, पण भांडायला येत नाही.
वसुमती म्हणते, हल्ली माझं वाक्य पूर्ण होऊ देता.
बाकी सांगण्यासारखं नाही.

गोदीकडून भोंगा वाजतो, लांबलचक.
कोपऱ्यात मर्चंटशेठ घोरू लागतात.
बाई त्यांना उठवत नाहीत.
अनवाणी जाऊन
पंखा एक घर कमी करतात.