शेऱ्याचा रकाना

जिंतूरच्या कचेरीत काचेचं टेबल होतं,
काचेखाली साठचा बल्ब.
त्यावर नकाशे अंथरायचे, एकावर एक,
आणि ट्रेसिंग काढायचं.
उन्हाळ्यात काच इतकी तापायची
की कोपराखाली घामाचं बेट उमटे
आणि तेवढं गाव ओलं व्हायचं.

गट एकशे बाराची हद्द म्हणजे ओढा,
असं वरचा कागद म्हणायचा.
मधल्यातही ओढाच, पण दहा आणे पूर्वेला.
तळचा निजामाच्या वेळचा, कापडावर डकवलेला,
त्यात तो वळसा घालून भलतीकडंच.
बल्ब लावला की तिन्ही ओढे एकदम वाहायचे
आणि पाणी कुठल्यातच नसायचं.

"खरा कोणता, साहेब?" शेषेराव विचारी.
वरचा, मी म्हणायचो.
वरचा म्हणजे शेवटचा, शेवटचा म्हणजे खरा.
नोकरीला तेवढं पुरत होतं.

ओढ्याकाठच्या पट्टीपुढं, शेऱ्याच्या रकान्यात,
एकच शब्द, उर्दूत, घाईच्या अक्षरात.
निवृत्त वहीद मुनशींना बोलावलं.
चष्मा कपाळावर सारून
त्यांनी नाक जवळजवळ कागदाला लावलं.
"लिहिणाऱ्यानं ठिपकेच दिले नाहीत.
वर एक द्या, खाली. म्हणजे रिकामी.
तोच पोटात द्या, जाली. जाळी म्हणा.
देऊच नका, हाली. सध्याची, चालू.
ठिपका तुम्ही द्या, मी सही करतो."
मला उगाच आपली खाली आठवली, मराठीतली,
पायांशी असते ती.

दुसऱ्या दिवशी साखळी घेऊन जागेवर.
एप्रिल. ओढ्यात गोटे, बाभळीच्या शेंगा,
एका डबक्यात बोटभर चिखल, त्यावर गांधीलमाशी.
केवळाबाई शेळ्या सोडून बसलेली.
ही पट्टी कोणाची, बाई?
"कोनाची का असंना."
ओढा नेमका कुठून जातो?
"पान्याला इचारा, आल्यावर."
आणि नाव काय या जागेचं?
"नाव कामून लागतं? लांब असल्याला हाक मारायला.
हितं आले की मी हितंच असते ना."

शेषेरावानं साखळी ताणली.
एक करडू बाराव्या आण्यावर उभं राहिलं
आणि मुतलं.
ओल वाळूत उतरत गेली, मग दिसेना.
मी आकडा लिहिला. कोणता, ते आता आठवत नाही.

रात्री पुन्हा टेबल, पुन्हा बल्ब.
रकान्याला काहीतरी हवंच असतं,
कोरा सोडला तर वरून मेमो येतो.
रिकामी लिहावं तर शेळ्या होत्या.
जाळी म्हणावं तर बाभळी दोनच, त्यातली एक वठलेली.
चालू लिहावं, तर शाई वाळेपर्यंत
जुनी होणार.
मग मी तो शब्दच काढला, जसाच्या तसा,
वाचायचा नाही, नुसती रेघ म्हणून,
वळली तिथं वळवत, तुटली तिथं तुटू देत.
ठिपक्याच्या जागी टाक आला
आणि थांबला,
नि मीही त्याला काही म्हणालो नाही.

पुढं परभणीहून कागद परत आला,
कडेला तांबडी शाई:
शेरा वाचता येत नाही, खुलासा करावा.
मुनशी तोवर वारले होते.
खुलासा मी केला असणार. पेन्शन मिळतेय
म्हणजे केलाच.

पण त्या रात्री बटन दाबलं तेव्हा
तिन्ही ओढे एका झटक्यात गेले.
काच निवताना बारीक टिचटिच करत राहिली.
शेषेराव दाराशी किल्ल्या वाजवत उभा.
अंधारात मी बोट टेकवलं,
जिथं ओढा असावा तिथं,
आणि तिथं काच
कोमट होती.