पयस

पणजीत विमानाची तिकिटं काढून देते मी,
घर चोडणला.
मधे मांडवी, रोज आठ-वीसची फेरीबोट.

दोर सोडता सोडता सगुणभाऊंनी विचारलं,
“बाय, लिस्बन कितलें पयस?”
कुठून धरू? दाबोळीहून की मोपाहून?
“हांगाच्यान,” म्हणाले, आणि कठड्यावर हात आपटला.

कठड्यापासून कोणी तिकीट काढत नाही.
तरी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा,
दोन नावं टाकली. पडद्यावर एक रेघ उठली,
वाकडी, भुवईसारखी.
सरळच आहे ती, आमचे साहेब म्हणाले, वाकडी ती पृथ्वी.
खाली समुद्र, वाळवंट, परत समुद्र,
रेघेला कशाचंच काही नाही.
आठ हजार तीनशे चाळीस किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर लिहून दिले.
मागे, बारीक अक्षरात, भाडं.
त्यांनी चिठ्ठी उलटी केली नाही.
रॅम्पच्या लोखंडावर खडूनं भागाकार मांडला:
नदी पाऊण किलोमीटर,
पाळीत खेपा चाळीस,
म्हणजे दिवसाचे तीस.
“दोनशे अठ्ठ्याहत्तर दिवस.”
एक स्कूटर त्या आकड्यावरून चढून गेली.

मी म्हटलं, म्हणजे इतक्या वर्षांत तुम्ही
वीसेक वेळा पोचला असाल.
“पोचलो असेन,” म्हणाले. “उतरलो नाही.”

तिसऱ्या दिवशी सांगतात काय, आज त्रेसष्टावा.
त्रेसष्टावा कसा?
“आधीच्या खेपा काय वाया गेल्या? त्याही धरल्या.”
मग नदीकडे बघत, हळू:
पोरीचा फोन आला होता. तिसरा महिना लागलाय.

त्यानंतर आमचं बोलणं तेवढंच.
शंभर. एकशे दहा, “वाळवंट चाललंय.”
एकशे ब्याण्णवला इंजिन बिघडलं, ग्रीसच्या आसपास,
दोन दिवस बोट जेटीला बांधलेली,
आणि हे पायरीवर, गुडघ्यांना मिठी मारून.
“मागं पडलो, बाय. ती काय थांबणार आहे?”

थांबली नाहीच.
नात झाली दोनशे एकसष्टाव्या दिवशी,
तिथे उजाडायचं होतं, इथे दहाची खेप.
फोन आला तेव्हा आम्ही बरोबर मधोमध,
दोन्ही काठ सारखेच लांब,
आणि स्पेन अर्धा राहिलेला.
संध्याकाळी पेढे वाटले त्यांनी,
कुणाच्या तरी गाडीच्या टपावर डबा ठेवून.

मला वाटलं, संपलं.
सकाळी दोर सोडताना: “दोनशे बासष्ट.”

काल शेवटची खेप चोडणला लागली.
रॅम्प खाली गेला. माणसं, दुचाक्या,
मासळीची एक टोपली, शाळेची दोन पोरं,
सगळं उतरलं. बोट रिकामी.
पलीकडे जाणारे हॉर्न वाजवत होते.
सगुणभाऊ साखळीला हात लावेनात.

चपला नीट घातल्या.
शर्टाची वरची गुंडी लावली.
चार पावलं चालून गेले, रॅम्पवरून, जमिनीवर,
आणि जरा इकडेतिकडे पाहिलं,
नव्या गावात पाहतात तसं.