हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात राजाक्काला बँकेत जाऊन
सांगावं लागतं की ती जिवंत आहे.
एकटीनं सांगितलं तरी चालतं, पण मजा येत नाही.
म्हणून मिरजेहून मी येते
आणि पुण्याहून त्रिशला, रात्रीच्या गाडीनं,
मानेचा पट्टा पिशवीत लपवून.
गळ्यात घातला तर लोक विचारतात म्हणे.

सांगली स्टँडपर्यंत ती ‘येते, जाते, करते’.
रिक्षावाल्याशी भाव करताना जीभ जराशी घसरते
आणि विश्रामबागेत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून,
‘मी आलो गं अक्का, दार उघड!’
तीस वर्षांची पुण्याची इस्त्री
एका हाकेत चुरगळते.
लग्नानंतर पहिल्याच दिवशी ‘मी जेवलो’ म्हणाली होती,
तिचे दीर अजून हसतायत.
(मीही वर ‘येते’ लिहिलं, ते तुमच्यासाठी.)

बँकेत रांग. अर्जावर मुंगीएवढी अक्षरं.
तिघींत चष्मा एक, तो माझा, सव्वादोनचा.
अक्काला दीड लागतो, त्रिशलेला अडीच,
म्हणजे कुणालाच नीट नाही, पण सगळ्यांना थोडं थोडं.
घरातलं बाकी सगळंही आम्ही असंच वाटून घेतलं,
आईची पैठणी सोडून. ती अक्काकडं आहे.
आम्ही काही बोलत नाही. दर वर्षी बोलत नाही.

‘पुनर्विवाह केला आहे काय?’ मी मोठ्यानं वाचलं.
भाऊजींना जाऊन अकरा वर्षं झाली.
अक्का पेन उघडून विचार करत बसली.
‘अजून नाही, असं लिहू?’
काउंटरवरच्या पोरानं मान वर केली,
मागच्या रांगेतले दोन आजोबा
जरा ताठ उभे राहिले.

मग अंगठा. मशीनला पटेना.
‘आजी, पुन्हा ठेवा.’ पुन्हा ठेवला.
पदराला पुसला, त्रिशलेनं फुंकर मारली,
मी सॅनिटायझर काढलं, त्यानं आणखी बिघडलं.
पन्नास वर्षं भाकरी थापून, तवे घासून
अक्काच्या अंगठ्यावरच्या रेघा कुठं गेल्या कुणास ठाऊक.
‘मशीन म्हणतंय, ह्या त्या नाहीत,’ पोरगं म्हणालं.
‘मग माझ्या पेमात शाई ओतली ती कोण?’ त्रिशला.
‘आणि मला विहिरीत ढकललं ती?’ मी.
‘ढकललं नाही, तू पडलीस,’ अक्का ओरडली,
सगळी बँक वळून बघायला लागली,
आणि त्या रागात अंगठा असा दाबला गेला
की हिरवा दिवा लागला.

संध्याकाळी घाटावर. भडंगाचा पुडा, कांदा न घालता.
‘लवकर आवरा, दिवस मावळला की मी खात नाही,’
असं म्हणत अक्का अर्धा पुडा एकटीच संपवते.
पुलावरून गाड्या जातायत. कृष्णा निवांत.
ती माझा चष्मा घालून पुड्याचा कागद वाचते,
कुठल्या तरी गावच्या हळदीचा जुना दर,
मग तसाच चष्मा माझ्याकडं वळवते.
‘अगं, तुझा भांग किती रुंद झाला!’
‘आण इकडं चष्मा.’ मी तिच्याकडं बघते.
‘आणि तुझ्या हनुवटीवर तो केस कधीपासून आहे?’
तो उपटायचा की नाही, यावर पाच मिनिटं वाद.

शेवटी त्रिशला चष्मा ओढून घेते, डोळ्यांवर चढवते,
नदीकडं बघते, आमच्याकडं बघते, मान तिरकी करते
(पट्टा पिशवीतच).
‘मला तुम्ही दोघी धुरकट दिसताय,’ म्हणते.
‘छान दिसताय.’

रात्री मिरजेला पोचल्यावर कळलं,
चष्मा त्रिशलेच्या पर्समध्ये पुण्याला चाललाय.
फोन केला, तर म्हणाली,
‘असू दे की. पुढच्या नोव्हेंबरात देतो.’